वाचक विचारतात: जोजोचा जुना फायटिंग गेम, चौथं बटण आणि तो ससाणा

मागच्या अंकात मंगावरून, म्हणजे जपानी कॉमिक्सवरून, निघालेल्या गेम्सबद्दल लिहिताना मी कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या जोजोवर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की मंगावरून आलेल्या टूडी फायटिंग गेम्समध्ये माझ्या मते हा सगळ्यात वरचा, आणि पुढे गेलो. पत्रं आली ती सगळी त्या चार ओळींवरच. कुणी विचारतंय का वरचा, कुणी म्हणतंय काहीही काय, एका ताईंनी तर पोराची तक्रारच केलीय. मग म्हटलं या वेळी बाकी सगळं राहू दे, एकट्या जोजोवरच बसू.

प्रश्न: मला नेटवर दोन नावं दिसतात, जोजोज व्हेंचर आणि हेरिटेज फॉर द फ्यूचर. हे दोन वेगळे गेम का एकच? आणि जोजो म्हणजे नक्की कोण? (एक वाचक, सांगली)

एकाच गेमच्या दोन आवृत्त्या आहेत. पहिली १९९८ च्या शेवटी आर्केडला, म्हणजे पार्लरमधल्या कॉइनच्या मशीनवर, आली, जपानबाहेर तिला जोजोज व्हेंचर म्हणतात. वर्षभरात, म्हणजे १९९९ मध्ये, कॅपकॉमनं तीच वाढवून, कॅरेक्टर भरून परत काढली, ती हेरिटेज फॉर द फ्यूचर. आज लोक जोजो खेळतो म्हणतात तेव्हा ही दुसरीच खेळत असतात. पहिलीत तेराएक जण होते, दुसरीत २२ झाले, आणि जे नऊ नवीन आले त्यातल्या एकानं पुढं किती डोकेदुखी केली ते खाली येईलच.

जोजो म्हणजे एक माणूस नाही. हिरोहिको अराकी यांची ही मंगा १९८७ ला शोनेन जंप साप्ताहिकात सुरू झाली आणि ती एका घराण्याची गोष्ट आहे, प्रत्येक भागात त्या घराण्यातला वेगळा माणूस हिरो, आणि प्रत्येकाच्या नावात कुठून तरी जो-जो निघतंच. गेम आहे तो तिसऱ्या भागावर, स्टारडस्ट क्रुसेडर्सवर, जो १९८९ ते १९९२ चालला. त्यात जोतारो कुजो हा टोपी न काढणारा, कमी बोलणारा शाळकरी पोरगा. त्याची आई आजारी पडते, ५० दिवसांत डिओ नावाच्या शंभर वर्षं जुन्या व्हॅम्पायरला संपवलं नाही तर ती जाणार, म्हणून जोतारो, त्याचा आजोबा जोसेफ आणि बाकी मंडळी जपानहून कैरोला निघतात. विमान पाडलं जातं म्हणून मग जहाज, रेल्वे, जीप, उंट, पाणबुडी, जे मिळेल ते. वाटेत दर मुक्कामाला डिओनं पाठवलेला एक मारेकरी भेटतो. एकामागून एक शत्रू आणि प्रत्येकाची वेगळी ताकद, आता सांगा, फायटिंग गेमला याहून तयार माल कुठं मिळणार?

प्रश्न: भावा, सरळ बोलू का? तो स्ट्रीट फायटरच आहे, वरचे चेहरे बदललेले. मंगावाले गेम सगळे असेच असतात, फॅन लोक घेतात म्हणून काढायचे. तू म्हणतोस वरचा, कशावरून? (एक वाचक, नाशिक)

तुझं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, म्हणजे मंगावाल्या बहुतेक गेम्सबद्दलचं. नव्वदच्या दशकात जपानमध्ये प्रत्येक हिट मंगाचा फायटिंग गेम निघायचा आणि बऱ्याच वेळा तो तसाच असायचा, दोन माणसं, एक हातातून गोळा सोडतो, दुसरा उडी मारून लाथ घालतो, तोंड तेवढं ओळखीचं. पण जोजो त्यात बसत नाही, आणि का बसत नाही ते मी जरा सविस्तरच सांगतो कारण सगळा मुद्दाच तिथं आहे.

तिसऱ्या भागात अराकींनी स्टँड ही कल्पना आणली. माणसाच्या आतली ताकद, पण तिला स्वतःचं अंग आहे, ती मागे उभी राहते आणि मालकाच्या वतीनं मारते. स्टँडला मार बसला तर मालकालाही लागतो. आता हे गेममध्ये कसं आणायचं? आळशी कंपनी असती तर स्पेशल, म्हणजे खास वार, मारताना मागे एक जांभळा पैलवान दाखवला असता आणि झालं. कॅपकॉमनं काय केलं, तर स्वतःच्याच स्ट्रीट फायटरची सहा बटणं मोडून चार ठेवली. तीन मारायची, हलकं, मध्यम, जोरात, आणि चौथं फक्त स्टँडचं.

ते चौथं बटण दाबून बघ. जोतारो नुसता उभा आहे, तू बटण दाबलंस, त्याच्या अंगातून स्टार प्लॅटिनम बाहेर आला, आणि त्या क्षणापासून तुझ्या हातातला माणूस बदलला. तीच तीन बटणं आता वेगळे ठोसे मारतात, लांब पोचतात, चाल वेगळी, स्पेशलचा गुण वेगळा. परत दाबलं की तो आत. म्हणजे एका कॅरेक्टरमध्ये दोन कॅरेक्टर, आणि राउंडच्या मधोमध कधी कुठला वापरायचा ते तू ठरवायचं.

आता म्हणशील मग सतत बाहेरच ठेवतो की. तर नाही, तिथंच गंमत आहे. स्टँडचा वेगळा गेज, म्हणजे स्क्रीनवरची ताकदीची पट्टी, असतो. स्टँड बाहेर असताना ब्लॉक केलंस तर मार तो झेलतो, तुझ्या जिवावर काही येत नाही, पण तो गेज झिजत जातो. झिजून संपला की स्टँड क्रॅश, तो फुटून गायब, आणि तू दोन क्षण तसाच उघडा उभा. समोरचा हुशार असेल तर तेवढ्यात काम संपलं. गेज भरायचा तर स्टँड आत घ्यायचा, आणि आत घेतलास की स्पेशल ब्लॉक करताना थोडा थोडा जीव जातो. त्यामुळं सगळी मॅच आत-बाहेर, आत-बाहेर अशी चालते, आणि दोन तयार खेळाडू असतील तर त्या चौथ्या बटणाचा आवाज तिन्ही बटणांपेक्षा जास्त येतो.

बरं सगळ्यांचे स्टँड सारखे पण नाहीत. देवो घे. हा माणूस मंगात स्वतः लांब बसून बाहुलीकडून खून करवून घेतो, तर गेममध्ये पण स्टँडचं बटण दाबलं की तू बाहुली चालवायला लागतोस आणि देवो मागे तसाच उभा राहतो, म्हणजे समोरच्याला दोन टार्गेट आणि तुला दोन काळज्या. होल हॉर्सचा स्टँड म्हणजे पिस्तूल, गोळी सुटल्यावर वळते. मरायाचा स्टँड चुंबकाचा, ती एक विजेचा सॉकेट टाकून ठेवते, चुकून हात लागला की तुझ्या अंगात चुंबक भरलं, मग लोखंडी वस्तू तुझ्याकडे धावणार. आलेस्सी तर समोरच्याला लहान पोर करून टाकतो, आणि त्यासाठी बिचाऱ्या चित्रकारांनी बाकी सगळ्यांची पोरवयातली चित्रं वेगळी काढली. एका कॅरेक्टरच्या एका मूव्हसाठी! हा खर्च चेहरे बदलून पैसे काढणारी कंपनी करत नसते रे.

आणि डिओ. मंगात डिओचा स्टँड, द वर्ल्ड, वेळ थांबवतो, आधी पाच सेकंद, मग जोसेफचं रक्त प्यायल्यावर नऊपर्यंत जातो. गेममध्ये तो खरोखर थांबवतो, स्क्रीनचा रंग पालटतो, समोरचा जिथल्या तिथं पुतळा, आणि डिओ मात्र फिरतोय, मारतोय. ज्याच्या हातात जॉयस्टिक आहे आणि काहीच करता येत नाही त्याला कळतं की मंगात त्या लोकांना काय वाटलं असेल. माझ्या मते मंगावरचा गेम चांगला का वाईट हे इथं ठरतं. चेहरा कुणीही काढेल, नियम बदलायची हिंमत पाहिजे.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, दिवसभर ओरा ओरा ओरा ओरडत उशीला बुक्क्या मारतो. त्याच्या मामानं जुना प्लेस्टेशन दिलाय आणि हा गेम मागतोय. द्यावा का? (एक आई, ठाणे)

ताई, ओरा ओरा म्हणजे स्टार प्लॅटिनम एकामागून एक ठोसे मारतो तेव्हाचं ओरडणं, आणि डिओकडचं उत्तर मुदा मुदा मुदा. अजून मुदा सुरू झालेलं नाहीये म्हणजे घरात दुसरं भावंड नसावं!

गेम द्यायला माझी हरकत नाही. मारामारी आहे, पण ती जुन्या टूडी गेममधली मारामारी. जरा सांभाळायचं ते मंगाला, कारण गेम आवडला की पोरगं मंगा मागणारच. ती चांगलीच हिंसक आहे, हातपाय तुटतात, जनावरांचे पण हाल होतात, कुत्र्याचे तर फारच. आधी तुम्ही स्वतः एखादा भाग चाळा. उशीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न: आमच्या लहानपणी एसटी स्टँडसमोरच्या पार्लरमध्ये मुस्तफा, केओएफ ९७ (किंग ऑफ फायटर्स) हे सगळं होतं. जोजो कधीच दिसला नाही. का? (एक वाचक, सोलापूर)

मी पण आपल्याकडच्या पार्लरमध्ये कधी पाहिला नाही. कारण बघितलं तर साधं आहे. जोजो चालायचा कॅपकॉमच्या सीपीएस थ्री नावाच्या बोर्डवर, आणि त्या बोर्डवर एकूण गेमच निघाले सहा. वॉरझार्ड, ज्याला बाहेर रेड अर्थ म्हणतात, स्ट्रीट फायटर थ्रीच्या तीन आवृत्त्या आणि जोजोच्या दोन. १९९६ ला सुरू झाला, १९९९ ला संपला. महागडा बोर्ड, त्यात लोक तोवर टेक्केनसारख्या थ्रीडीकडं वळलेले, आणि टूडीवाल्यांना केओएफ होताच. आपल्या पार्लरवाल्याला एका मशीनवर दिवसभर कॉइन पडले पाहिजेत, तो अनोळखी जपानी पोरांचा गेम कशाला आणेल?

पण तुम्ही मुस्तफाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३, तो पण कॅपकॉमचाच आणि तो पण कॉमिकवरूनच, मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्सवरून. म्हणजे कॉमिकचा गेम करायची कॅपकॉमची सवय आपल्या पिढीनं जोजोच्या आधीच चाखलेली आहे, फक्त ते कॉमिक आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आपल्याकडं तर गेमचं खरं नाव पण कुणी घेत नव्हतं, मुस्तफा लाव म्हणायचं. आणि त्या मुस्तफाचं आडनाव काय तर कैरो. जोतारो पन्नास दिवस धडपडत जिथं पोचतो ते आमच्या मुस्तफाच्या नावातच होतं, घ्या!

प्रश्न: ऑनलाइन स्पर्धांमध्ये पेट शॉपवर बंदी का असते? एक पक्षीच तर आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

मित्रा, एकदा त्या पक्ष्याविरुद्ध बस, मग "पक्षीच तर" हा शब्द तोंडातून निघणार नाही.

पेट शॉप हा ससाणा, दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या नऊ जणांपैकी. स्टँड त्याचा होरस, बर्फाचा. आता फायटिंग गेमचे सगळे हिशोब जमिनीवर उभ्या माणसाच्या मापाचे असतात, एवढ्या उंचीवर ठोसा, एवढ्यावर लाथ, खाली पाय उडवणारी लाथ. हा तर जमिनीवर नसतोच, हवेत तरंगत असतो, अंगानं एवढुसा, त्यामुळं निम्मे वार त्याच्या खालून नाहीतर वरून जातात. तिथून तो बर्फाचे सुळे सोडत राहतो. तू पोचायला उडी मारलीस की तो अजून वर, तू ब्लॉक करत बसलास की स्टँडचा गेज झिजतोय. चांगला खेळणारा असेल तर काही कॅरेक्टरना जवळ जायची वाटच सापडत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी लोकांनी आपसात ठरवून टाकलंय, पेट शॉप नको.

मंगात हा ससाणा कैरोमध्ये डिओच्या वाड्याचं दार राखतो. जवळ येईल त्याला मारणं एवढंच त्याचं काम. त्याला भिडतो तो इगी, कुत्रा, आणि ती मारामारी रस्त्यावरून गटारात, गटारातून पाण्याखाली जाते, आणि इगी जिंकतो पण एक पंजा गमावून. त्या पानांवर वाचणाऱ्याला हेच वाटतं की हे बरोबरीचं नाही, हा पक्षी जास्तच आहे. कॅपकॉमनं त्याला तसाच्या तसा उचलून ठेवला. मंगाशी एवढं इमान राखलं की स्पर्धेतून हाकलावा लागला. मी मागच्या अंकात गेमला वरचा म्हटलं आणि एका वाचकांनी लगेच विचारलं की ज्यात बंदी घालावी लागते तो वरचा कसा, तर त्यांनाही हेच उत्तर. ज्या हट्टानं चौथं बटण आलं त्याच हट्टानं हा ससाणा आला. मला दोन्ही चालतात. स्पर्धेत त्याला बाजूला ठेवा, घरी मित्राला छळायला ठेवा.

पेट शॉप सोडला तर वरच्या फळीत जोतारोच्या टोळीतल्या काक्योइनचं नाव सगळे घेतात, त्याची एमराल्ड स्प्लॅश आणि हिरवी जाळी लांबून माणसाला अडकवून ठेवते. पण त्याला हरवता येतं, म्हणून बंदी नाही.

प्रश्न: गोष्ट जपानहून इजिप्तला जाते म्हणजे वाटेत भारत लागतो का? (एक वाचक, बडोदा)

लागतो ना! मंगात हाँगकाँग, सिंगापूर करत मंडळी कलकत्त्याला येतात. उतरल्या उतरल्या भिकारी, गाई, गर्दी, सगळे गोंधळतात आणि एकटा जोतारो म्हणतो की देश आवडला. तिथंच टोळीतल्या पोलनारेफला त्याच्या बहिणीचा खुनी सापडतो, दोन्ही हात उजवे असलेला, ज्याचा स्टँड आरशात आणि चकचकीत वस्तूंच्या प्रतिबिंबात फिरतो, आणि होल हॉर्स पण तिथंच पहिल्यांदा येतो. मग वाराणसी, तिथं जोसेफच्या हातावर एक गळू येतं आणि त्या गळवाला तोंड फुटून ते बोलायला लागतं. पुढं पाकिस्तान, कराची, आणि समुद्रापलीकडं.

भारताचं चित्र मात्र परक्या माणसानं लांबून काढलेलं आहे, संडासाचे, डुकराचे विनोद आहेत, आज वाचताना जरा टोचतात. पण कलकत्त्याची ती आरशाची लढत मला अख्ख्या भागातल्या पहिल्या तीनात वाटते, त्यामुळं माफ.

प्रश्न: प्लेस्टेशनचा घ्यावा का ड्रीमकास्टचा? माझ्याकडं दोन्ही मशीन आहेत. (एक वाचक, पुणे)

दोन्ही मशीन आहेत आणि वर विचारताय, पुणेकर ते पुणेकर!

आर्केडसारखा खेळायचा असेल तर ड्रीमकास्ट, डोळे झाकून. दोन्ही आर्केड आवृत्त्या एकाच डिस्कवर आहेत आणि चित्रं जवळपास तशीच हलतात. प्लेस्टेशनची मेमरी होती दोन एमबी, सीपीएस थ्रीचं अ‍ॅनिमेशन त्यात मावणं शक्यच नव्हतं, त्यामुळं मधल्या मधल्या फ्रेम कापल्या. शेजारी शेजारी लावून बघा, स्टार प्लॅटिनम बाहेर येताना आर्केडला जे वाहतं ते प्लेस्टेशनला थोडं उडी मारत येतं.

पण प्लेस्टेशनवाल्यात एक गोष्ट अशी आहे जी बाकी कुठंच नाही, सुपर स्टोरी मोड. मंगाची गोष्ट मुक्कामानुसार, मध्ये मध्ये छोटे वेगळे खेळ, आणि जे शत्रू मुख्य गेममध्ये निवडता येत नाहीत ते पण भेटतात. मंगा न वाचलेल्याला हाच चांगला. तो नऊवारीचा काठ फाडून पोलक्याला लावलेला प्रकार आहे खरा, कापड कमी पडलं पण अंगावर शोभतं.

प्रश्न: मी सर्किट रिपेअर करतो. सीपीएस थ्रीचा बोर्ड "आपोआप मरतो" असं ऐकलं. खरंय का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

खरंय, आणि तो मुद्दाम तसा बनवलेला होता. गेम सीडीवर यायचा, सोबत एक सिक्युरिटी कार्ट्रिज. सीडीवरचा डेटा एकदा बोर्डवरच्या फ्लॅश मेमरीत भरला की रोज सीडी लागायची नाही, पण सगळं कुलूपबंद, आणि किल्ली त्या कार्ट्रिजमधल्या मेमरीत. त्या मेमरीला वीज देणारी एक छोटी बॅटरी. बॅटरी संपली की किल्ली पुसली, बोर्ड चालू असताना कार्ट्रिज ओढली किंवा आत उचकापाचक केली तरी पुसली. मग गेम तिथंच आहे, पण उघडत नाही. पायरसी अडवायला केलेलं, आणि पार्लरवाल्यानं पैसे मोजून घेतलेलं मशीन कॅलेंडरवर मरतं, हा काय न्याय झाला? मला तरी हे कधी पटलं नाही.

हे कुलूप २००७ च्या सुमारास हौशी लोकांनी बाहेरून उलगडलं, त्यामुळं आज मेलेले बोर्ड परत उठवता येतात आणि गेम एमुलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पण चालतात. तुमच्याकडे एखादा आलाच तर आधी कार्ट्रिजला हात लावू नका, नीट वाचून मगच उघडा.

प्रश्न: मग आज रीतसर विकत घेऊन खेळायचा तर कुठं? (तीन-चार वाचक)

इथं वाईट बातमी आहे. २०१२ ला प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर एचडी आवृत्ती आली होती, ऑनलाइन पण खेळता यायचं, ती २०१४ ला दुकानातून काढली. तेव्हापासून नवीन मशीनवर हा गेम नाही. सीपीएस थ्रीचे बाकीचे बघा, स्ट्रीट फायटर थ्रीचे तिन्ही २०१८ च्या तिसाव्या वाढदिवसाच्या संग्रहात आले, रेड अर्थ २०२२ च्या कॅपकॉम फायटिंग कलेक्शनमध्ये आला. सहातले चार घरी पोचले, राहिले जोजोचे दोन. कारण बाकीचे कॅपकॉमचे स्वतःचे आणि हा दुसऱ्याच्या मंगावरचा, प्रत्येक वेळी हक्काचा करार नव्यानं करावा लागतो. आणि जोजोचे नवे गेम आता दुसऱ्या कंपन्या काढतात, २०१३ चा ऑल स्टार बॅटल, मग २०२२ ला त्याची सुधारलेली आवृत्ती, ते बांदाई नामकोचे आणि दिसायला थ्रीडी.

म्हणजे रीतसर हवा तर जुनी डिस्क शोधायची, आणि चांगल्या अवस्थेतली स्वस्त मिळत नाही. ऑनलाइन खेळणारी मंडळी फाइटकेडवर जमतात, तिथं दुसऱ्या देशातल्या माणसाशी पण बऱ्यापैकी विनाअडथळा मॅच होते, पण फाइटकेड गेमची फाइल देत नाही, ती कुठून आणायची हा ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न, मी इथं पत्ता देणार नाही, विचारूही नका.

प्रश्न: पहिल्यांदाच फायटिंग गेम खेळणार आहे. कोणाला घेऊ? सगळे म्हणतात डिओ घे. (एक वाचक, रत्नागिरी)

डिओ नको. डिओ सगळ्यांना हवा असतो कारण वेळ थांबवायची असते, पण वेळ थांबवायला सुपरचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या वारांचा, गेज साठवावा लागतो, आणि नवीन माणूस गेज साठेपर्यंत जिवंत राहत नाही. जोतारो घे. त्याचा सगळा खेळ जवळून आहे, मूव्ह सरळ आहेत, आणि आत-बाहेरचा हिशोब त्याच्यावर सगळ्यात चांगला कळतो.

सुरुवातीला काँबो, म्हणजे एकाला एक जोडलेले वार, पाठ करत बसू नकोस. फक्त एवढं कर, स्टँड बाहेर काढून ब्लॉक कर, गेजकडं बघ, अर्ध्याच्या खाली गेला की आत घे. पुढं सरकताना आत, मारायला पोचलास की बाहेर. हे बोटात बसलं की मग टँडम शिक. त्यात तू सुपरचा एक हिस्सा खर्चून ठोशांची यादी आधी भरून ठेवतोस, मग स्टँड जाऊन ती यादी मारतो आणि तेवढ्यात तू स्वतः दुसऱ्या बाजूनं चालत जायचं. समोरच्याला दोन्हीकडून मार. पहिल्यांदा जमेल तेव्हा खुर्चीतून उठशील, सांगून ठेवतो. आणि कीबोर्डवर खेळत असशील तर स्टँडचं बटण अंगठ्याखाली घे, करंगळीवर ठेवलंस तर दुसऱ्या राउंडला हात आखडतो.

प्रश्न: काहीही म्हणा, थर्ड स्ट्राइकच भारी. (एक वाचक, नागपूर)

हा प्रश्न नाही, पण ठीक आहे. दोन माणसं समान हत्यारं घेऊन लढणार असतील तर थर्ड स्ट्राइक, म्हणजे स्ट्रीट फायटर थ्रीची तिसरी आवृत्ती, मान्य. तोही त्याच बोर्डवरचा, त्याच वर्षीचा. पण थर्ड स्ट्राइकमध्ये कुणी रोडरोलर उचलून अंगावर टाकत नाही. जोजोमध्ये डिओ टाकतो. बोला.

प्रश्न: इगी कुठल्या जातीचा कुत्रा आहे? आमच्याकडं पैज लागलीय. (दोन भावंडं, सातारा)

बोस्टन टेरियर. स्टँड द फूल, वाळूचा. आणि त्याला कॉफीच्या चवीचं च्युइंगम लागतं, त्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही, हे पण मंगातलंच आहे. पैज हरलेल्यानं तेच आणून द्यावं.